हात लावण्याआधी

‘अंग ढिलं सोडा, काही होत नाही.’ बायकांची आतली तपासणी करताना आपल्याकडच्या दवाखान्यांत हे वाक्य सकाळपासून दुपारपर्यंत चालू असते. बोलणाऱ्याच्या मनात धीर देण्यापलीकडे काही नसते. पण लहानपणी घरातल्याच कोणी जिच्या अंगाला हात लावला, तिने त्या वेळी जवळपास हेच ऐकलेले असू शकते: गप पडून राहा, काही होत नाही. चाळिशीतल्या त्या बाईच्या मांड्या आवळल्या जातात, नाडी पळू लागते, योनीमार्ग उघडून पाहायचे अवजार, म्हणजे स्पेक्युलम, आत जात नाही. केस पेपरवर शेरा पडतो, ‘पेशंट सहकार्य करत नाही.’ ती पुन्हा येत नाही. काही वर्षांनी अंगावरून जास्त जातेय म्हणून कोणीतरी तिला उचलून आणते, तेव्हा ‘इतके दिवस काय करत होतात?’ हेही तिलाच ऐकून घ्यावे लागते.

बालपणी झालेल्या अत्याचाराचे ओरखडे मनावर राहतात, हे आता बहुतेकांना मान्य आहे. ते हृदयावर, फुप्फुसांवर, रक्तातल्या साखरेवरही उमटतात, हे मात्र डॉक्टरांच्याही अजून पुरते गळी उतरलेले नाही. आणि ज्यांच्या उतरले, त्यांच्यातल्या काहींनी एक सोपा उपाय काढला आहे: प्रत्येक पेशंटला बालपणाबद्दलची प्रश्नावली द्या आणि गुण मोजा. मला हे चुकीचे वाटते. आपल्या ओपीडीत गुण मोजू नयेत. तपासायची पद्धत बदलावी, आणि ती सरसकट सगळ्यांसाठी बदलावी. पेशंटने आधी काही सांगावे अशी अट नको.

या विषयाची सुरुवात लठ्ठपणाच्या दवाखान्यात झाली. १९८० च्या दशकात सॅन डिएगोमध्ये कायझर पर्मनंटे या आरोग्यसंस्थेत डॉ. व्हिन्सेंट फेलिटी वजन उतरवण्याचा कार्यक्रम चालवत. त्यांना एक कोडे पडले. ज्यांचे वजन चांगले उतरत होते, तीच माणसे मधूनच सोडून जात होती. मुलाखती घेतल्यावर त्यांतल्या अनेकांवर लहानपणी लैंगिक अत्याचार झाल्याचे निघाले. काहींच्या लेखी अंगावरची चरबी म्हणजे चिलखत होते; ते उतरले की लोकांच्या नजरा परत यायच्या, आणि नजरांबरोबर भीती. डॉक्टर ज्याला रोग म्हणत होते, तो पेशंटने स्वतःपुरता शोधलेला इलाज होता. आपल्याकडे मशेरी लावणाऱ्या बाईला ‘सोडून द्या’ म्हणून दटावणाऱ्यांनी यावर थोडा वेळ थांबायला हरकत नाही. निकोटीनने घटकाभर का होईना, जीव थाऱ्यावर येतो. ते काढून घ्यायचे तर त्या जागी काय देणार, हेही सांगावे लागते.

फेलिटी आणि साथरोगतज्ज्ञ रॉबर्ट आंडा यांनी मग मोठा अभ्यास हाती घेतला. १९९८ मध्ये त्याचा पहिला निबंध आला. ९,५०८ प्रौढांची उत्तरे, आणि बालपणातल्या आघातांचे सात प्रकार: शारीरिक, मानसिक, लैंगिक अत्याचार, आईला होणारी मारहाण, घरात व्यसनी माणूस, घरात मानसिक आजार किंवा आत्महत्येचा प्रयत्न, घरातले कोणी तुरुंगात. पुढे यादी दहावर गेली. निम्म्याहून अधिक लोकांच्या वाट्याला किमान एक प्रकार आलेला होता. चार किंवा अधिक प्रकार सोसलेल्यांत, काहीच न सोसलेल्यांच्या तुलनेत, हृदयविकाराची शक्यता २.२ पट, पक्षाघाताची २.४ पट, दम्यासारख्या धाप लागणाऱ्या जुनाट फुप्फुसविकाराची ३.९ पट आणि मधुमेहाची १.६ पट आढळली. हे लोक झोपडपट्टीतले नव्हते. विमा असलेले, बहुतांशी गोरे, मध्यमवर्गीय. म्हणून तर त्या आकड्यांनी खळबळ उडाली.

शरीरापर्यंत हे पोचते कसे? धोका दिसला की मेंदू अॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल रक्तात सोडायला लावतो. हृदय जोरात चालते, साखर वर येते, रक्त गोठायच्या तयारीत राहते. धोका टळला की सगळे जागेवर. पण ज्या घरात संध्याकाळी फाटकाची कडी वाजली की पोरे चिडीचूप होतात, तिथे ही यंत्रणा रोज चालू होते आणि नीट बंद होत नाही. दाह आटोक्यात ठेवणे हे कॉर्टिसॉलचे एक काम. पण त्याचा मारा सतत राहिला की रोगप्रतिकारक पेशी त्याला जुमानेनाशा होतात, आणि अंगात मंद आचेवरचा दाह कायमचा वस्तीला येतो. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या १,०३७ मुलांची वाढ संशोधकांनी वर्षानुवर्षे नोंदवली. ज्यांना लहानपणी वाईट वागणूक मिळाली होती, त्यांच्या रक्तात वयाच्या ३२ व्या वर्षी सीआरपी हा दाहाचा निर्देशक जास्त आढळला. केवळ मोठेपणी आठवून सांगितलेल्या गोष्टींवर हा निष्कर्ष बेतलेला नाही, मुले वाढत असतानाच्या नोंदीही त्यात आहेत, म्हणून त्याला वजन आहे.

ही झाली पहिली वाट. दुसरी वाट तंबाखू, दारू, अति खाणे, तुटलेली झोप यांची. तिसरीबद्दल फारसे कोणी बोलत नाही: ही माणसे दवाखाना टाळतात. दात किडून ठणका लागेपर्यंत, स्तनातली गाठ हाताला लागूनही, गरोदरपणाच्या सातव्या महिन्यापर्यंत टाळतात. पहिल्या दोन वाटा डॉक्टरच्या टेबलापर्यंत येण्याआधीच पडलेल्या असतात. तिसरी मात्र दवाखाना स्वतः पाडतो, रोज थोडी थोडी.

आता गुण मोजण्याबद्दल. कॅलिफोर्नियाने जानेवारी २०२० पासून सरकारी विम्यातल्या पेशंटांसाठी अशी चाचणी सुरू केली. एका चाचणीमागे डॉक्टरला २९ डॉलर. त्याच वर्षी आंडा यांनी, म्हणजे मूळ अभ्यास ज्यांनी उभा केला त्यांनीच, लिहून इशारा दिला की हा गुणांक लोकसंख्येसाठी आहे, एकेका माणसाचे भविष्य सांगण्यासाठी नाही. कारण उघड आहे. एकदाच वळ उठेपर्यंत खाल्लेला मार आणि पाच वर्षे रोजचा पट्टा, दोन्हींना एकच गुण. वय कोणते होते, जवळ धरणारी आजी होती की नाही, हे त्यात येतच नाही. शिवाय आठवणींचा घोळ आहे. २०१९ मध्ये सोळा अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा बालपणी ज्यांच्यावरच्या अत्याचाराच्या नोंदी झाल्या होत्या, त्यांतल्या निम्म्याहून जास्त लोकांनी मोठेपणी ‘असे काही झाले नाही’ म्हटले; आणि मोठेपणी ‘झाले’ म्हणणाऱ्या निम्म्याहून जास्त लोकांच्या नोंदी नव्हत्या. कोणी खोटे बोलते असा याचा अर्थ नाही. फॉर्मवरचा शून्य म्हणजे सुरक्षित बालपण असे धरून चालता येत नाही, एवढाच अर्थ.

त्यात ती यादी आपल्या मापाची नाही. बालविवाह तिच्यात नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाले होते. त्या मुलींवर जे गुदरते त्याला कोणत्या रकान्यात टाकणार? मुलीच्या ताटात शेवटी उरलेले वाढणे, शाळेत जातीवरून वेगळे बसवणे, आईबाप ऊसतोडीला गेल्यावर सहा महिने कोणाच्या तरी घरी पडून राहणे, यांना तिथे जागा नाही. आणि प्रमाण विचाराल तर केंद्र सरकारच्याच २००७ च्या अभ्यासात, ज्यात महाराष्ट्र आणि गोवाही होते, १२,४४७ मुलांपैकी ५३.२२ टक्क्यांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सांगितला. सांगणाऱ्यांत मुलगे निम्म्याहून थोडे जास्तच होते. म्हणजे ओपीडीच्या बाकावर बसलेल्यांत कोण, हे शोधत बसण्यात अर्थ नाही. हातमोजे घालण्याआधी आपण पेशंटला एचआयव्ही आहे का विचारत नाही, सगळ्यांसाठीच घालतो. इथेही तोच न्याय लावावा.

लावायचा म्हणजे नेमके काय करायचे, ते आतल्या तपासणीवरच पाहू, कारण सगळ्यात जास्त बिघडते ते तिथे.

बोलणे कपडे अंगावर असताना व्हावे. बाई टेबलावर पाय वर करून झोपल्यावर डॉक्टर पहिल्यांदा आत येतो आणि दोन्ही गुडघ्यांच्या मधून ‘काय त्रास?’ विचारतो, हा प्रकार बंद व्हावा. काय करणार, कशाने करणार, साधारण किती वेळ लागेल, हे आधी सांगावे. स्पेक्युलम हातात देऊन दाखवावा. फक्त कमरेखालचेच कपडे काढायला सांगावेत, आणि काढताना पडद्याबाहेर थांबावे. चादर पोटावर टाकून तिचे टोक पेशंटच्याच हातात द्यावे. डोक्याकडची बाजू थोडी उचलावी. तिला डॉक्टरचा चेहरा दिसला पाहिजे. पाय रिकिबीत अडकवायची बहुतेक वेळा गरज नसते, तळपाय टेबलावर टेकवून गुडघे बाजूला सोडले तरी दिसते. स्पेक्युलम छोट्या मापाचा घेऊन, कोमट पाण्याखाली धरून, चालेल का विचारून. काही बायकांना तो स्वतः आत सरकवणे सोपे जाते आणि त्यात विचित्र काही नाही. हात लावण्याआधी सांगावे, ‘आता मांडीला हात लावते’, मग मांडी, मग पुढे. अचानक काहीच नको. ‘ढिलं सोडा’ याच्याऐवजी ‘टाच टेबलावर दाबा’ किंवा ‘माकडहाड टेबलाला टेकू द्या’ असे शरीराला करता येईल असे काम सांगावे. ढिले सोडा म्हटल्याने कोणाचे स्नायू ढिले पडलेले नाहीत.

आणि थांबण्याची खूण आधी ठरवावी. ‘हात वर केलात की मी थांबेन’ म्हणायचे, आणि खरेच थांबायचे. ‘झालंच, एक मिनिट’ म्हणून पुढे रेटले की ती खूण न ठरवण्यापेक्षा वाईट, कारण नको म्हटल्यावरही न थांबलेला माणूस तिने आधी पाहिलेला असतो.

ही तपासणी टाळण्याची सोय असेल तर तीही द्यावी. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी आपल्या आरोग्य केंद्रांत ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची व्हीआयए, म्हणजे ॲसिटिक ॲसिड लावून पाहण्याची तपासणी होते. तिला स्पेक्युलम लागतोच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ पासून एचपीव्ही, म्हणजे हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूच्या चाचणीला पसंती दिली आहे आणि तिचा नमुना बाई स्वतः घेऊ शकते, पडद्याआड, दोन मिनिटांत. ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी जेमतेम १.९ टक्क्यांनी कधी गर्भाशयमुखाची तपासणी करून घेतलेली. त्याची कारणे पुष्कळ आहेत, सोय नसणे हे पहिले. पण लाज आणि भीती या कारणांवर इतका स्वस्त तोडगा असताना तो तालुक्यापर्यंत पोचू नये, याचे नवल वाटते.

प्रसूतिगृहाबद्दल काय बोलावे. मांडीवर चापट, ‘तेव्हा नाही का ओरडलीस’ हे टोमणे, अध्येमध्ये येऊन बोटे घालून पाहणारे विद्यार्थी. कळा नीट सुरू झाल्यावर आतली तपासणी साधारण चार तासांनी करावी, असे जागतिक आरोग्य संघटना २०१८ पासून सांगते आहे. शिकवण्यासाठी जादा तपासण्या होतात, त्या बाईला विचारून व्हायला हव्यात, आणि तिने नाही म्हटले तर तो विषय तिथेच संपायला हवा. प्रसूतिगृहे सुधारण्यासाठी केंद्र सरकारने २०१७ साली आणलेल्या ‘लक्ष्य’ योजनेत सन्मानाची वागणूक आणि प्रसूतीवेळी सोबतीण हे दोन्ही लिहिलेले आहे. भिंतीवर तक्ताही लागलेला असतो.

दाताच्या खुर्चीची गोष्ट वेगळी नाही. माणूस उताणा, वरून दिवा, तोंडात दुसऱ्याची बोटे, बोलता येत नाही, गिळताना घशाशी येते. लहानपणी ज्याच्या तोंडाशी जबरदस्ती झाली त्याला हे झेपत नाही, आणि तो पुरुषही असू शकतो. खुर्ची पूर्ण आडवी न करता अर्धवट तिरकी ठेवली, मध्ये मध्ये तोंड मिटायला दिले, दर दातामागे थांबले, की बरेच निभते. खूण डाव्या हाताची ठरवावी, कारण उजव्या हाताने काम करणारा दंतवैद्य पेशंटच्या उजवीकडे बसतो आणि उजवा हात अवजारांवर आदळतो. ड्रिल सुरू करण्याआधी एकदा रंगीत तालीम घ्यावी: पेशंटने हात वर करायचा, ड्रिल बंद पडायचे. बंद पडते हे कानांनी ऐकले की तो नंतर फारदा हात वर करत नाही. हेच गुदद्वारातून होणाऱ्या तपासणीला, योनीमार्गातून होणाऱ्या सोनोग्राफीला, ईसीजीसाठी ब्लाउज काढायला सांगताना, एंडोस्कोपीला.

एक गोष्ट मात्र सगळ्यांच्याच नजरेतून सुटते. ओरडणारा पेशंट लक्षात येतो. गप्प झालेला येत नाही. डोळे छतावर खिळलेले, उत्तर नाही किंवा नुसता हुंकार, श्वास वरच्या वर, हात गार. डॉक्टरला वाटते, शहाणी आहे, त्रास देत नाही. प्रत्यक्षात ती तिथे नसतेच. अशा वेळी अवजार हळू बाहेर काढून, सांगून, अंगावर चादर टाकावी. खांदा धरून हलवू नये. नावाने हाक मारून साध्या आवाजात सांगावे: ‘ताई, तुम्ही दवाखान्यात आहात. तपासणी थांबवली आहे. दार तिकडे आहे.’ डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला सांगू नये, मिटल्या डोळ्यांमागे तेच दिसत असते. पाय जमिनीला टेकवायला लावावेत, हातात गार पाण्याचा पेला द्यावा. उरलेली तपासणी त्या दिवशी होणार नाही हे धरून चालावे. तातडीची असेल तर तसे स्पष्ट सांगून, तिच्या होकाराने. आणि त्या क्षणी मोजलेल्या रक्तदाबावर गोळी सुरू करू नये.

मग कधी विचारायचेच नाही का? विचारावे, कारण असेल तेव्हा. ओटीपोट वर्षानुवर्षे दुखते आहे आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल, पोट कायम बिघडलेले, संबंधाच्या वेळी अंग बंद होते. अशा दुखण्यांत बालपणीच्या अत्याचाराचे प्रमाण जास्त आढळते, आणि न विचारल्याने दुर्बिणीचे ऑपरेशन, मग पिशवी काढणे असा प्रवास होऊ शकतो. पण सासू आणि नवरा शेजारी बसलेले असताना, दाराशी रांग उभी असताना नव्हे. नातेवाइकांना बाहेर काढायची सोपी युक्ती म्हणजे नियमावर ढकलणे: ‘इथे प्रत्येक पेशंटशी थोडा वेळ एकट्याने बोलायची पद्धत आहे.’ प्रश्न असा, की उत्तर न देण्याची वाट मोकळी राहील: ‘काही जणांना आधी वाईट अनुभव आलेला असतो, त्यामुळे तपासणी जड जाते. तुमचं तसं काही असेल तर सांगायलाच हवं असं नाही. मी काय केलं तर सोपं जाईल, तेवढं सांगा.’ कोणी सांगितलेच, तर तपशील खणू नये. ‘सांगितलंत ते बरं केलंत, यात तुमची चूक नव्हती’ एवढे पुरे, आणि पुढे काय हवे ते तिलाच विचारावे. ‘तेव्हाच का नाही सांगितलं’ हे वाक्य तोंडातून निघता कामा नये.

अठराच्या आतल्या मुलामुलींच्या बाबतीत कायदा वेगळा आहे. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, त्याच्या कलम १९ प्रमाणे डॉक्टरला ही माहिती पोलिसांना कळवावीच लागते. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. म्हणून विचारण्याआधीच त्या मुलीला सांगायला हवे की काही गोष्टी मला माझ्याजवळ ठेवता येणार नाहीत. विश्वासाने बोलायला लावून नंतर पोलीस आणणे हा दुसरा आघात. मुलीची तपासणी स्त्री डॉक्टरनेच, तिच्या विश्वासाच्या माणसासमोर करायची, हे कलम २७ सांगते. अत्याचार झालेल्या बाईच्या योनीत बोटे घालून पाहण्याची ‘दोन बोटांची चाचणी’ करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२२ ला इतके कडक बजावले, तरी ती करणाऱ्यांना अजून सांगावे लागते.

वेळ कुठे आहे, हा आक्षेप मला मान्य आहे. सकाळच्या ओपीडीत शंभर-दीडशे केस पेपर असतात. पण वर सांगितलेल्यातले बरेचसे डॉक्टरच्या वेळेचे नाहीच. खिडकीवर ‘कशासाठी आलात? मोठ्याने बोला’ म्हणणारा कारकून, पडदा न ओढता ‘चला, सलवार काढा’ म्हणणाऱ्या मावशी, एकाच खोलीत दोन टेबले: इथे बदल करायला एका दुपारचे प्रशिक्षण, पडद्याचे कापड आणि दाराला कडी एवढेच लागते. खूण ठरवायला दहा सेकंद लागतात. आवळलेल्या बाईशी झगडण्यात त्याहून किती तरी जास्त जातात. ज्याला पुढची मदत लागेल त्याला पाठवायची जागा मात्र हवी. मुंबई महापालिका आणि आरोग्यावर काम करणाऱ्या ‘सेहत’ संस्थेने वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली हिंसाचार सोसणाऱ्या बायांसाठी ‘दिलासा’ केंद्र काढले तेव्हा समुपदेशक रुग्णालयाच्या आतच बसवले, म्हणून ते चालले. चिठ्ठी देऊन दुसऱ्या गावी पाठवले असते तर निम्म्या बाया पोचल्या नसत्या. जिथे असे काही नाही तिथे निदान टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ आणि मुलांसाठी १०९८ हे आकडे तोंडपाठ असावेत.

राहिला केस पेपर. त्यावर ‘बालपणी लैंगिक अत्याचार’ असे ठळक लिहून ठेवणे म्हणजे काळजी नव्हे. तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून बहुधा नवऱ्याच्या किंवा दिराच्या हातात घरी जातो, गाडीत शेजारचा वाचतो, पुढच्या दवाखान्यात तो मोठ्याने वाचला जातो. पुढच्या डॉक्टरला उपयोगी पडेल तेवढेच लिहावे, आणि लिहिण्याआधी तिला वाचून दाखवावे: ‘स्त्री डॉक्टर हवी. छोटा स्पेक्युलम. हात वर केला की थांबणे. तपासणीला नणंद सोबत नको.’